वाचतोय, पण डोक्यात काय बसंना

"मॅडम, वाचतोय, पण डोक्यात काय बसंना झालंय. मला मानसिक आजार झालाय का?" मी समुपदेशक आहे. सांगलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. त्यातल्या एकाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगा जत तालुक्यातला, विश्रामबागेत खोली घेऊन राहणारा, दिवसभर अभ्यासिकेत. संध्याकाळ झाली की छातीत धडधड, हाताला थरथर, तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचं. ईसीजी, थायरॉईड सगळं नॉर्मल. (धडधड असेल तर आधी डॉक्टर, मग मी, हा क्रम बरोबरच.) सोबत आलेल्या मामांचं निदान तयार होतं, "मोबाईल, दुसरं काय!"

मी त्याला कालचा दिवस खाण्यापिण्यासकट सांगायला लावला. चहा तीन कप, हे लगेच सांगितलं. कॉफी मात्र त्याने धरलीच नव्हती, कारण ती 'अभ्यासासाठी' होती. थर्मासात गरम पाणी, कपाला इन्स्टंट कॉफीच्या दोन पुड्या, रात्री दहापर्यंत असे पाच-सहा कप. परीक्षा जवळ आली की वर एनर्जी ड्रिंक. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन (चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य) सहसा चालतं असं मानतात. काहींना त्याच्या निम्म्यातही धडधड होते. या गड्याने तर ती मर्यादाही ओलांडली असावी.

दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते आपल्या जागी बसलं की झोप येते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तशा कॅफिन त्या जागा अडवून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन तिथंच ताटकळत उभं! थकवा जात नाही, जाणवत नाही एवढंच. शिवाय शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाच्या कपातलं अर्धं पहाटे तीनला अंगात असतं. झोप उथळ होते, आणि वाचलेलं पक्कं व्हायला तर झोपच लागते. सकाळी जड डोकं, म्हणून पुन्हा कॉफी. त्यात धडधडलं की 'मला काहीतरी होतंय' ही भीती, आणि भीतीने आणखी धडधड.

"मग आजपासून बंदच कर रे," मामा म्हणाले. मी थांबवलं. एकदम सोडली तर बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते, आठवडाभरही त्रास राहू शकतो. परीक्षा तोंडावर असताना हे कोण सोसणार? एनर्जी ड्रिंक तेवढं लगेच बंद केलं. कपाला दोनाऐवजी एक पुडी, मग दुपारी दोननंतर कॉफी नाही, मग कप कमी, असं दर तीन-चार दिवसांनी एकेक पाऊल ठरवलं. सकाळच्या चहाला मी हात लावला नाही. चहा तोडायला सांगणारा समुपदेशक आपल्याकडे टिकत नाही.

तरीही दोन दिवस त्याचं डोकं दुखलंच. आधी झोप सुधारली, नंतर थरथर गेली. पान एका वाचनात कळू लागलं.

धडधड मात्र पूर्ण गेली नाही. पुढच्या वेळी तो मामांना न सांगता एकटाच आला. वडिलांनी डाळिंबाच्या बागेसाठी काढलेलं कर्ज, धाकट्या बहिणीचं थांबलेलं शिक्षण आणि "या खेपेला तरी होईल ना रे?" असं विचारणारा आईचा रोजचा फोन, हे सगळं तेव्हा बाहेर आलं. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.