सायकॉलॉजीच्या प्रयोगात पार्टिसिपंटला खोटं सांगितलेलं चालतं का? कन्सेंट फॉर्मवर (संमतीपत्रावर) सही घेतली की झालं ना?

चालतं, म्हणजे सरसकट बंदी नाहीये. खरा हेतू आधीच सांगितला तर काही प्रयोग होऊच शकत नाहीत हे सगळ्यांना मान्य आहे. पण तुम्ही पुढे जे लिहिलंय की एफवायच्या मुलांना खोटा आयक्यू स्कोर सांगून नंतर त्यांचा परफॉर्मन्स बघायचाय, आणि गाईड म्हणाले सही घे मग टेन्शन नाही, ते वाचून मात्र जरा थांबलो. मी हा विषय शिकवतो, दरवर्षी एमएच्या मुलांची डिझर्टेशन्स हाताखालून जातात आणि ‘सही घेतलीये सर’ हे वाक्य दरवर्षी ऐकतो.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमचा, माणूस हुकूम कुठवर पाळतो हे बघणारा प्रयोग तुम्ही वाचलेला असणारच, पण नोट्समध्ये तो अर्ध्या पानात उरकलेला असतो म्हणून परत सांगतो. १९६१, येल युनिव्हर्सिटी. पेपरात जाहिरात की स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं हवीत, तासाभराचे ४ डॉलर आणि वर गाडीभाडं ५० सेंट. आलेल्या माणसाला चिठ्ठी उचलायला लावायचे, दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’च लिहिलेलं, त्यामुळे तो शिक्षक होणार हे ठरलेलंच, आणि पलीकडच्या खोलीतला ‘विद्यार्थी’ त्यांचाच माणूस, पेशाने अकाउंटंट. तो चुकला की शॉक द्यायचा, १५ व्होल्टपासून १५-१५ ने वाढवत ४५० पर्यंत. शॉक खोटा होता, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पहिल्या छापून आलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. घाम फुटलेला, हात थरथरतायत, काही जणांना विचित्र हसू आवरेना, तरी गेले.

आता गंमत बघा. या लोकांना सुरुवातीलाच सांगितलेलं होतं की पैसे फक्त इथे आल्याबद्दल आहेत, पुढे काहीही झालं तरी ते तुमचेच. म्हणजे कागदावर बघितलं तर उठून जायला कोणाची आडकाठी नाही. पण कोणी थांबायला लागला की तो कोटवाला प्रयोगकर्ता ठरलेली चार वाक्यं क्रमाने म्हणायचा आणि चौथं होतं, तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, पुढे चालू ठेवायलाच हवं. झालं ना सगळं वाया? सुरुवातीला दिलेली मोकळीक मधल्या एका वाक्याने काढून घेतली. माझ्या मते मिलग्रॅमच्या बाबतीत खरी अडचण शॉक खोटा असण्यात नाहीये, या वाक्यात आहे.

त्याचाच एक कमी माहीत असलेला प्रकार आहे, पुस्तकात येत नाही बहुतेक. त्यात दोघांकडूनही रिलीज फॉर्मवर (काही झालं तर आम्ही जबाबदार नाही अशा कागदावर) सही घेतली, आणि ‘विद्यार्थी’ सही करतानाच शिक्षकासमोर म्हणाला की मला हार्टचा त्रास आहे, मी सांगेन तेव्हा सोडणार असाल तरच बसतो. प्रयोगकर्ता हूं म्हणाला. नंतर ‘विद्यार्थी’ ओरडून सोडा म्हणतोय, अट आठवण करून देतोय, तरी ४० पैकी १६ जण ४५० पर्यंत गेलेच. सहीला किती किंमत असते हे यावरून तुमच्या गाईडना कळायला हरकत नाही.

१९६४ मध्ये डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मिलग्रॅमच्या प्रयोगावर टीका केली की लॅबमध्ये आलेला माणूस आधीच विश्वास टाकून आणि थोडा दबून आलेला असतो, त्याचा तुम्ही फायदा घेताय. मिलग्रॅमचं उत्तर होतं की नंतर पत्राने विचारलं तेव्हा ८४ टक्के लोक म्हणाले भाग घेतला ते बरं झालं. मला हे उत्तर कधीच पटलं नाही, नंतर बरं वाटलं म्हणून आधीची जबरदस्ती संमती होत नाही.

आणि कोणी म्हणेल की एवढे नियम पाळले तर रिझल्टच येणार नाही, तर २००९ चा जेरी बर्गरचा पेपर दाखवा, त्याने मिलग्रॅमचाच प्रयोग परत करून बघितला. त्याने १५० व्होल्टलाच थांबवायचं ठरवलं, म्हणजे जिथे आतला माणूस पहिल्यांदा मला बाहेर काढा म्हणतो तिथेच. मानसिक त्रास होऊ शकेल अशी माणसं आधीच गाळली, कधीही उठून जा आणि तरी ५० डॉलर तुमचेच हे तीनदा सांगितलं, त्यातलं दोनदा लेखी, आणि संपल्या संपल्या शॉक खोटा होता हे सांगून टाकलं. तरीसुद्धा ७० टक्के लोक १५० च्या पुढे जायला तयार होते.

आता तुमचं डिझाइन. एक तर खोट्या स्कोरचा प्रॉब्लेम असा की शेवटी ‘अहो ते खोटं होतं’ म्हटलं की तो डोक्यातून जातो असं नाही. १९७५ मध्ये रॉस, लेपर आणि हबर्ड यांनी हेच तपासलं, लोकांना एका कामात तुम्ही फार चांगले किंवा फार वाईट ठरलात असं खोटं सांगितलं, मग खुलासा केला, तरी लोक स्वतःला तसंच समजत राहिले. जिथे नुसता खुलासा न करता असं खोटं मनात कसं चिकटून राहतं हेही समजावून सांगितलं तिथे बराच फरक पडला. त्यामुळे डिब्रीफिंग, म्हणजे प्रयोगानंतर खरं काय ते समजावून सांगणं, ही काही शेवटची स्लाइड नाही, प्रत्येकाला वेळ द्यावा लागेल, समोर बसून. आणि खरं सांगू का, आयक्यू कशाला? ज्या मुलीला आधीच वाटतंय आपण ढ आहोत तिला कॉलेजने शिक्का मारून दिल्यासारखं होतं ते. ठिपके मोजण्यासारखं काहीतरी फालतू काम घ्या ज्यात मागे पडल्याचं कोणाला वाईट वाटणार नाही, तुमचा हायपोथेसिस तरीही तपासता येईल.

दुसरं, मुलं तुमच्या गाईडच्याच वर्गातली आहेत, इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात. ती मुलं नाही म्हणणार आहेत का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्समध्येही असं हाताखाली असलेल्यांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यायला सांगितलंय. दुसऱ्या डिपार्टमेंटची मुलं घ्या, कोण आलं कोण नाही हे गाईडना कळू देऊ नका, आणि मंजुरीसाठीचा फॉर्म एथिक्स कमिटीकडे डेटा घ्यायच्या आधी टाका, नंतर नाही (हेही सांगावं लागतं). एफवायला काही मुलं १८ ची झालेली नसतात, त्यांच्या पालकांची परवानगी लागेल, तेव्हा जन्मतारीख पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नाहीतर सबमिशनच्या तोंडावर अर्धं सँपल बाद करत बसाल.