दिवाळीत आठ दिवस गावाला : लॅब्रेडोरची सोय वेगळी, बोक्याची वेगळी

ताई, तुम्ही विचारलंय की दिवाळीत आठ दिवस रत्नागिरीला सासरी जायचं आहे, नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये चार वर्षांचा लॅब्रेडोर आणि एक बोका आहे, तर दोघांना एकाच बोर्डिंगमध्ये ठेवावं की सोसायटीच्या वॉचमनकडे किल्ली देऊन जावं. माझं मत स्पष्ट सांगते, दोन्ही नको. कुत्र्याला माणसं लागतात आणि मांजराला स्वतःचं घर लागतं. दोघांचा जीव वेगळ्या गोष्टीत अडकलेला असतो, म्हणून सोयही दोन करायच्या. खर्च थोडा वाढेल, पण आठ दिवस तुमचं लक्ष फोनकडे राहणार नाही.

आधी बोक्याचं. मांजर घरच्या वासावर जगतं. अनोळखी पिंजरा आणि आजूबाजूला भुंकणारी कुत्री एवढ्यानेच कित्येक मांजरं खाणं सोडतात. मांजराचा उपास साधा नसतो. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साठायला लागते, आणि अंगाने जाड असेल तर आणखी लवकर. म्हणून बोका घरातच राहू दे आणि माणूस त्याच्याकडे येऊ दे, दिवसातून दोनदा. नुसतं खाणं ओतून जाणारा माणूस नको. अर्धा तास बसणारा हवा, कारण खरं काम पाहण्याचं आहे. सकाळचं खाणं संपलं का, लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये, शूचे गोळे किती आहेत, शी झाली का. बोक्यांना लघवी अडकण्याचा त्रास होतो. ट्रेमध्ये वारंवार बसतो, जोर लावतो, ओरडतो आणि वाळू मात्र कोरडीच राहते, असं दिसलं की त्याच तासाला डॉक्टर. उद्या सकाळी बघू म्हणण्यासारखं ते दुखणं नाही, एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. वेळेवर खाणं टाकणारी मशीन मिळतात, ती चांगलीच आहेत, पण वाळू कोरडी आहे हे मशीनला कळत नाही.

हे काम कोण करेल? कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात शिकणारी, घरी मांजर असलेली मुलंमुली पुष्कळ आहेत. नात्यातली एखादी भाची असेल तर सोन्याहून पिवळं. कोणीही असो, तुम्ही असताना दोन-तीनदा घरी बोलवा आणि त्यांच्या हातून बोक्याला खायला घाला. फटाक्यांच्या आवाजाने तो कपाटामागे किंवा बेडखाली घुसेल. घुसू दे. त्याला ओढून काढायचं नाही, हे आधीच सांगा. गॅलरीला जाळी नसेल तर गॅलरीचं दार आठही दिवस बंद. कॅरियर, म्हणजे बोक्याला न्यायची पेटी, माळ्यावर ठेवू नका, हॉलमध्ये उघडी ठेवा. घाई झाली तर ती शोधण्यात वेळ जायला नको.

आता कुत्रा. वॉचमनकडे किल्ली देण्याबद्दल माझा विरोध वॉचमनदादांना नाही. दिवाळीत त्यांच्यामागे कामं दुप्पट असतात, आणि मग कुत्रा पार्किंगमध्ये साखळीला बांधलेला राहतो. जनावराला आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं किंवा त्याच्या पुरेशा अन्नपाण्याची सोय न करणं ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे क्रूरता आहे. कायदा बाजूला ठेवला तरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री साखळीत अडकलेल्या कुत्र्याला पळता येत नाही की लपता येत नाही, यापेक्षा वाईट काय असणार?

लॅब्रेडोरसाठी माझी पहिली पसंती ओळखीच्या घराला. महात्मानगरला बहीण आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्याकडे तो याआधी राहिला असेल, त्या घरात लहान मूल किंवा दुसरा कुत्रा नसेल, तर बोर्डिंगचा विचारच करू नका. फक्त तिला मोजून खाणं द्या. लॅब्रेडोरच्या तोंडाकडे बघून कोणाचंही मन विरघळतं आणि मग सकाळ-संध्याकाळ पोळ्या सुरू होतात. रोजची एक अशा पुड्या बांधून द्या, वर तारीख घाला. एक-दोन जास्तीच्या द्या, परतीला उशीर होऊ शकतो.

बहिणीकडे जमत नसेल तर बोर्डिंग. आणि इथे नाशिकच्या बाबतीत एक गोष्ट बाहेरची माणसं सांगणार नाहीत. आपल्याकडे बरीचशी बोर्डिंगं शहराबाहेर मळ्यांत आहेत, गंगापूर धरणाकडे, गिरणारे, मखमलाबाद, त्र्यंबक रस्त्याला. मोकळी जागा, झाडं, फटाके कमी, हे सगळं खरं. पण ऊस आणि द्राक्षबागांच्या या पट्ट्यात बिबट्या आहे, आणि कुत्रा हे त्याला सहज मिळणारं भक्ष्य आहे. देवळाली कॅम्पच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे अशा जागी माझा पहिला प्रश्न एकच असतो : अंधार पडल्यावर कुत्री कुठे असतात? 'पक्क्या खोलीत, दार लावून' हेच उत्तर हवं. तारेचं कुंपण किंवा उघडा शेड असेल तर कितीही प्रेमळ माणसं असोत, तिथे ठेवू नका. पहाटे आणि रात्री शूसाठी बाहेर कोण नेतं, पट्ट्याने नेतं की मोकळं सोडतं, हेही विचारा.

दुसरा प्रश्न, लक्ष्मीपूजनाच्या आणि पाडव्याच्या रात्री तिथे हजर कोण असेल. एरवी चार मदतनीस असलेल्या ठिकाणीही दिवाळीत माणसं आपापल्या गावी जातात, आणि नेमकी तेव्हाच कुत्र्यांची गर्दी सर्वांत जास्त असते. मालक स्वतः आवारात राहतात का? राहत असतील तर माझा अर्धा कौल तिथेच. जागा बघायला संध्याकाळी जा. सकाळी साफसफाई नुकतीच झालेली असते, त्यामुळे काही कळत नाही. संध्याकाळचा वास, पाण्याची भांडी आणि कुत्री माणसाला बघून पुढे येतात की कोपऱ्यात दबतात, यावरून बरंच समजतं. फाटकाच्या आत दुसरं फाटक असेल तर उत्तम, कारण घाबरलेला कुत्रा दार उघडताच निसटतो. 'आत येऊन बघता येणार नाही' म्हणणारी जागा तिथेच सोडून द्या.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारायची नाही, त्यांनी तुम्हाला विचारायची आहे : लसीकरणाचं कार्ड. जे तुमच्या कुत्र्याचं कार्ड मागत नाहीत, ते शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचंही मागत नाहीत. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्वो-लेप्टोची वार्षिक लस झालेली हवी. केनेल कफची लस बहुतेक जण घेत नाहीत, पण बोर्डिंगला ठेवणार असाल तर ती जरूर घ्या, कारण हा खोकला हवेतून पसरतो आणि एका छपराखाली दहा कुत्री म्हणजे त्याला रानच मोकळं. कोणतीही लस निदान दोन आठवडे आधी हवी, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. गोचीडांचंही तसंच. गोचीड तापाने चांगले धडधाकट कुत्रे आडवे झालेले मी पाहिले आहेत. डॉक्टरांना विचारून महिनाभर चालणारी गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध आधीच देऊन टाका. घरात बोका आहे म्हणून बजावते, कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. डॉक्टरांना घरात मांजर असल्याचं आवर्जून सांगा.

मग चाचणीची एक रात्र. हे टाळू नका. दसऱ्याच्या आधी एका शनिवारी सोडा, रविवारी आणा. पहिल्या रात्री तो कमी खाईल, ते चालतं. पण घरी आल्यावर पुन्हा गाडीत बसायलाच नकार देत असेल, आवाज बसलेला असेल, नाक किंवा पंजे खरचटलेले असतील, तर तो तुम्हाला उत्तर देतोय, आणि दुसरी सोय बघायला तुमच्या हातात वेळही उरतो. सोडताना त्याचं रोजचंच खाणं द्या. एकदम खाणं बदललं की जुलाब लागतात आणि मग ते आजारपण की नुसता बदल हे कोणालाच कळत नाही. अंथरूण धुऊन देऊ नका, घरचा वास असू दे.

फराळाबद्दल मात्र हात जोडून सांगते, आणि हे बहीण, भाची, बोर्डिंगवाले सगळ्यांना लिहून द्या. लाडवातले बेदाणे, शिऱ्यातले मनुके, द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडेच महागात पडतात. आपल्या जिल्ह्यात द्राक्षं आणि कांदा दोन्ही घरोघरी, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. कांदा-लसूण तांबड्या पेशी फोडतात, कुत्र्याच्या आणि मांजराच्याही. चॉकलेट नको हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तापाची माणसांची गोळी तर कधीच नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फटाक्यांना कुत्रा फार घाबरत असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या, पण त्याचा पहिला डोस तुम्ही घरी असताना देऊन बघा.

कुत्र्याला बरोबर न्यावं का, असाही विचार मनात येईल. गाडीने जाणार असाल आणि सासरच्यांची खरंच हरकत नसेल तर जमू शकतं. पण इतका लांबचा प्रवास, उघडं अंगण, परकं गाव आणि वर फटाके, यात कुत्रा हरवण्याची भीती मला जास्त वाटते. रेल्वेत तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घेतल्याशिवाय कुत्रा सोबत बसत नाही, नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा. तो पर्याय मी सुचवणार नाही.

जाण्याआधी एका कागदावर लिहून सही करा : तुमच्या डॉक्टरांचा नंबर, ते सुट्टीवर असतील तर दुसरे कोण, चालू औषधं, आणि तुमचा फोन लागला नाही तर अमुक रकमेपर्यंत उपचार सुरू करायला परवानगी. कोकणात रेंज जाते. तेवढ्यासाठी सलाईन थांबायला नको. बहिणीला निर्णयाचा अधिकार द्या आणि हे बोर्डिंगवाल्यांसमोरच सांगा. गळ्यात नंबरचा पट्टा हवाच, आणि त्यावर बहिणीचाही नंबर हवा. दिवाळीत दवाखाने कोणत्या दिवशी उघडे आहेत हे वसुबारसेच्या आधी फोन करून विचारून ठेवा.

परत आणल्यावर तो एक-दोन दिवस नुसता झोपेल, त्याची काळजी नको. पुढचे दोन-तीन आठवडे मात्र लक्ष ठेवा. कोरडा खोकला, ताप, खाण्यावरची वासना जाणं, हिरड्या पांढुरक्या पडणं किंवा नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना 'हा बोर्डिंगमध्ये राहून आलाय' हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे ते रक्ततपासणी लगेच करतील.

बोक्याची नसबंदी झाली आहे का आणि त्याला आधी कधी लघवीचा त्रास झाला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाला असेल तर त्याच्यासाठी दिवसातून दोन फेऱ्या पुरणार नाहीत, रात्री घरी झोपणारं माणूस लागेल. तेवढं कळवा.