सोलापुरात मे महिन्यात उकळता वर्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा, गोड काढा) लवकर थंड कसा करायचा आणि पातेल्याच्या तळाचा गाळ वेगळा कसा काढायचा?

आधी तो कॉइलचा, म्हणजे वर्टमध्ये बुडवून आतून गार पाणी फिरवायच्या नळीच्या वेटोळ्याचा, नाद सोडा. 20 लिटर वर्ट अर्ध्या तासात 20 अंशांवर आणायला किती मीटर तांब्याची नळी लागेल, असं तुम्ही विचारलंय. कितीही घ्या. नळीतून फिरणारं पाणी जेवढं गार, त्याच्या खाली वर्ट उतरतच नाही, आणि मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजवतं.

हेच मी आमच्या साडूंना गॅस पेटवण्याआधी सांगितलं होतं. साडू डॅलसला असतात. तिकडे घरी बिअर करायला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. सुट्टीला आले ते बॅगेत कॉइल घेऊनच. "अहो, वीस मिनिटांत गार झालं नाही तर माल मोरीत ओतायचा," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. डॅलसच्या जानेवारीत जमत असेल बुवा.

न्हाणीतल्या नळाला पाइप लावला, दुसरं टोक मोरीत सोडलं. सुरुवातीला मजा आली. मोरीत वाफाळतं पाणी, आकडा भराभर साठाकडे, साडूंची कॉलर ताठ. पन्नाशीला आकडा रेंगाळला आणि 43 वर जो बसला तो बसलाच. साडू थर्मामीटर पुसून परत बुडवतायत, काचेवर टिचकी मारतायत. तेवढ्यात गच्चीवरून बायको ओरडली, "टाकी वाजायला लागली हो!" उजनी धरण प्लसमध्ये असो की मायनसमध्ये, आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे साडू विसरले होते. बायको विसरली नव्हती. मेहुणीने पळत जाऊन मोरीत बादल्या लावल्या म्हणून निम्मं तरी वाचलं, रात्रीची भांडी त्यात निघाली. साडूंचं तरी चालूच, "अजून थोडं सोडलं असतं तर उतरलं असतं." कसं उतरलं असतं? टाकीच 41 ची होती!

बर्फाचा हिशोब सरळ आहे. एक किलो बर्फ वितळून 20 अंशांपर्यंत येताना साधारण 100 किलोकॅलरी उष्णता ओढतो. 20 लिटर वर्ट 100 वरून 20 वर आणायला 1600 लागतात, म्हणजे 16 किलो बर्फ. तोच 43 पासून धरला तर पाचेक किलोत काम होतं, वाया जाणारा धरून सात-आठ आणा. म्हणजे पहिला उतार पाण्यावर, आणि ते पाणी पिंपात साठवायचं. पुढचं बर्फावर. टबात बर्फाचं पाणी घ्या, कूलरचा छोटा पंप त्यात सोडा आणि तेच पाणी कॉइलमधून फिरवत राहा. बर्फ वर्टमध्ये टाकायचा नाही, लादीच्या कारखान्यातला तर अजिबात नाही.

पण मी म्हणतो एवढी घाई कशाला? ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी सोपा मार्ग रूढ केलाय. वर्ट 80 च्या वर असतानाच खाद्यपदार्थांसाठीच्या जाड एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरायचा, दाबून हवा काढायची, झाकण घट्ट लावून कॅन आडवा-उलटा करायचा म्हणजे झाकणही आतून भाजून निघतं. रात्रभर ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवा. आपल्या कोरड्या हवेत तो टॉवेल चांगलं काम करतो, आणि सोलापुरात टॉवेलची ददात नाही. साडूंना हे पटत नाही. सकाळी वास घेऊन म्हणाले, उकडलेल्या मक्यासारखा येतोय. घरात बाकी कुणालाच आला नाही.

गाळाचं थोडक्यात. गॅस बंद केल्यावर मोठ्या डावाने एकाच दिशेने जोरात घुसळा, डाव काढा, झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा आणि फाटलेली प्रथिनं मधोमध ढिगारा करून बसतात. चहाच्या कपातली पत्तीही ढवळल्यावर अशीच मधे गोळा होते, त्याचं कारण आइन्स्टाइनने 1926 मध्ये मांडलं होतं. मग कडेने नळीने ओढून घ्या. शेवटचा लिटरभर सोडून द्या, तिथे कंजूषपणा नको. उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस (वाळवलेलं समुद्री शेवाळ) घातलं तर गाळ घट्ट बसतो. थोडा गाळ पुढे गेलाच तर काही बिघडत नाही, यीस्टला त्यातून खाद्यच मिळतं.

आता साडूंच्या बाजूचं. पिल्सनर माल्ट (फिक्या रंगाचा माल्ट) असेल तर मक्याचा वास खरंच येऊ शकतो, त्यासाठी झाकण न ठेवता 90 मिनिटं उकळा. सावकाश गार केलेल्या वर्टमध्ये थंड होताना धरणारा प्रथिनांचा गाळ नीट बसत नाही, पेय गढूळ राहू शकतं. कॅनमध्ये हॉप्सचा कडूपणा वाढत राहतो, म्हणून शेवटचे हॉप्स पंधरा-वीस मिनिटं उशिरा टाका. आणि बंद कॅन आठवडाभर पाडून ठेवू नका. वर्ट पुरेसा आंबट नसतो, त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. दुसऱ्या दिवशी वापरून मोकळे व्हा.

कायद्याचं राहिलंच. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. आमचं ते पातेलं बिनदारूच्या माल्ट पेयाचं होतं, फ्रिजमध्ये ठेवून सोडा घालून दोन दिवसांत संपवलं. यीस्ट घालायचा टप्पा साडूंनी डॅलसला करावा, तुम्ही सोलापुरात करू नका.