मित्राच्या बोर्डच्या दुकानात निवृत्तीची पुंजी घालावी का?

प्रश्न: माझं वय ४४, नोकरी स्थिर आहे. माझा मित्र काही वर्षांपासून स्केटबोर्ड, सर्फबोर्ड, स्नोबोर्ड आणि त्यासोबतचे कपडे-बूट विकतो. तो मला भागीदारी देतोय. निवृत्तीसाठी साठवलेल्या रकमेतली निम्मी घालायची आणि दुकानाच्या कर्जाला वैयक्तिक हमी द्यायची. हे खेळ ऑलिंपिकमध्ये आलेत आणि दुकानात नावाजलेले ब्रँड आहेत, त्यामुळे धोका कमी आहे असं तो म्हणतो. होकार देऊ का?

उत्तर: हमी देऊ नका. निम्मी पुंजीही घालू नका. थोडी रक्कम, ठरलेल्या अटींवर, घालता येईल. पण त्याआधी मित्राकडून काही कागद मागवून घ्या.

स्नोबोर्डिंग १९९८ च्या नागानो स्पर्धेपासून ऑलिंपिकमध्ये आहे, स्केटबोर्डिंग आणि सर्फिंग २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेपासून. खेळाची लोकप्रियता वाढली हे खरंच आहे. पण तुमचे पैसे खेळाच्या लोकप्रियतेत जाणार नाहीत, ते मालात जाणार आहेत, आणि या धंद्यात माल फार लवकर जुना होतो. पुढच्या हिवाळ्यात विकायच्या स्नोबोर्डची ऑर्डर आदला हंगाम संपता संपताच नोंदवावी लागते. बर्फ किती पडेल, कुठला रंग चालेल, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. हंगाम फसला तरी पुरवठादाराचं बिल ठरल्या तारखेला द्यावंच लागतं.

आता थोडा हिशेब. समजा एक बोर्ड ६५ ला घेतला आणि १०० ला विकायचा आहे. हंगामाच्या शेवटी ३० टक्के सवलत द्यावी लागली, तर हातात ७० येतात. उरले ५, आणि त्यातून भाडं, पगार, व्याज भागवायचं. बोर्ड, ट्रक (चाकं बोर्डला जोडणारा धातूचा आस), चाकं यांवर नफा मुळात कमी असतो. दुकान तगतं ते कपडे आणि बुटांवर. नेमका तोच माल ब्रँड स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट विकतात. ग्राहक दुकानात येऊन बूट पायात घालून पाहतो, माप कळलं की घरी जाऊन ऑनलाइन मागवतो. मित्राच्या मेहनतीला यात दोष नाही, पण भागीदार म्हणून या तोट्याचा वाटा तुमच्याकडेही येणार.

मोठं नाव म्हणजे सुरक्षितता, हे तर मला अजिबात पटत नाही. सर्फिंगच्या कपड्यांचा नावाजलेला ब्रँड असलेल्या क्विकसिल्व्हरने २०१५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची मालक कंपनी पुढे बोर्डरायडर्स झाली आणि २०१८ मध्ये तिने बिलाबाँग ही तशीच दुसरी कंपनीही घेतली. २०२३ मध्ये हे सगळे ब्रँड ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपकडे गेले. त्यांची अमेरिकेतली दुकानं परवान्यावर चालवणाऱ्या लिबरेटेड ब्रँड्सनेही २०२५ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी जाहीर केली आणि शंभराहून जास्त दुकानं बंद झाली. नाव शाबूत राहिलं, चालवणारे बुडाले. स्केटबोर्डिंगच्या बुटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या व्हॅन्सची वार्षिक विक्री २०२२ च्या आर्थिक वर्षात ४ अब्ज डॉलरच्या वर होती, दोनच वर्षांत ती ३ अब्जांच्या खाली आली. एवढ्या मोठ्या ब्रँडचा अंदाज चुकतो, तेव्हा उरलेला माल सवलतीत बाजारात येतो आणि लहान दुकानदाराकडच्या तशाच मालाची किंमत रातोरात पडते.

म्हणून मित्राकडे तीन वर्षांचा ताळेबंद मागाच, पण त्याहून आधी मालाची वयवार यादी मागा: सहा महिन्यांच्या आतला किती, वर्षाच्या वरचा किती. वर्षभरात विकलेल्या मालाच्या खरेदी किमतीला सरासरी साठ्याने भागा. उत्तर दोनच्या आसपास आलं, तर माल सरासरी सहा महिने पडून राहतो. अशा दुकानाला तुमचे पैसे वाढीसाठी नाही, जुनी बिलं फेडायला लागतील. अर्धी खरेदी एकाच पुरवठादाराकडून आहे का, तेही विचारा. २००५ च्या डिसेंबरमध्ये क्लार्क फोम ही कंपनी अचानक बंद झाली, तेव्हा अमेरिकेतल्या सर्फबोर्ड घडवणाऱ्यांना, ज्यातून बोर्ड कोरतात ते फोमचे ठोकळे मिळेनासे झाले. बहुतेक सगळे तिच्यावरच विसंबून होते.

वैयक्तिक हमीबद्दल मी इतका ठाम का आहे? दायित्व मर्यादित असेल, तर घातलेलं भांडवल बुडालं तरी तेवढंच बुडतं. हमी दिली की बँक तुमच्या घरापर्यंत आणि पगारापर्यंत येऊ शकते. वयाच्या ४४ व्या वर्षी निम्मा निधी गेला तर तो भरून काढायला वेळ थोडा आहे, आणि त्यावर कर्जही आलं तर तो वेळ पुरणारच नाही.

यादी समाधानकारक असेल, तर बचतीच्या दहाव्या हिस्स्यापेक्षा जास्त घालू नका, तेही सहा महिन्यांच्या घरखर्चाचा आपत्कालीन निधी बाजूला ठेवल्यावर. साधी भागीदारी नको, तिच्यात दुकानाचं सगळं देणं तुमच्या अंगावर येतं. दायित्व मर्यादित राहील अशी रचना वकिलाकडून करून घ्या. मुदतीचं कर्ज म्हणून रक्कम दिलीत तर आणखी बरं. परतफेडीचे हप्ते हंगाम संपल्यानंतरच्या महिन्यांत ठेवा, कारण गल्ल्यात पैसा तेव्हाच असतो. मित्राने यादी दाखवायला टाळाटाळ केली, तर ही छोटी रक्कमही देऊ नका.