रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी: घर आवरणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

चतुर्थी जवळ आली की माझ्या फोनला दम नसतो. घराला रंग काढायचाय, पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार, माळा गच्च भरलाय, काय टाकू, काय ठेवू. प्रश्न दरवर्षी तेच, गोंधळही तोच, आणि त्यात आता रील बघून आलेलं ज्ञान, म्हणून एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा सगळ्यांचं इथं एकत्र लिहिते. नावं काढून टाकलीत, बेळगावातला भाग किंवा आसपासचं गाव तेवढं ठेवलंय.

टिळकवाडी: आम्ही दोघंही नोकरीला. रविवार एकच मोकळा, तोही कुणाचं लग्न नाहीतर बारसं. आवरायला घेतलं की संध्याकाळी आधीपेक्षा जास्त पसारा होतो. सुरुवात कुठून करू?

खोली एकदम उपसायची नाही. तुम्ही काय करता, सकाळी तीन कपाटं पलंगावर ओतता, दुपारी जेवून डोळा लागतो, आणि रात्री झोपायला पलंग पाहिजे म्हणून सगळं होतं तिथं परत कोंबता. त्यापेक्षा एक खण घ्या, एकच, रोज रात्री टीव्ही चालू असताना वीस मिनिटं. पहिले काही दिवस जीव न अडकणाऱ्या वस्तू घ्या, म्हणजे झाकण हरवलेले डबे, कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर, मागच्या सालच्या लग्नपत्रिका, हॉटेलातल्या सॉसच्या पुड्या. फोटो आणि पत्रं सगळ्यात शेवटी, कारण अल्बम उघडला की तो दिवस गेलाच. आणि काढलेली पिशवी त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे. दारामागं ठेवलेली पिशवी आठ दिवसांत परत उघडली जाते, कोण उघडतं ते मी सांगायला नको. गाडीच्या डिकीत टाकली म्हणजे बाहेर गेली असंही समजू नका.

अनगोळ: सेलमध्ये स्टोरेज बॉक्सचा सेट आणि व्हॅक्यूम बॅगा स्वस्तात मिळतायत. घेऊन ठेवू का?

नको. आधी सामान कमी करा, उरेल ते मोजा, मग बघू. आणि सिल्कची साडी व्हॅक्यूम बॅगेत अजिबात घालू नका, दाबून बसलेल्या घडीवर ती तुटते.

बेळगाव, कॅम्प: सहा महिने जे वापरलं नाही ते फेकून द्यायचं असा नियम आहे ना?

कुणी केला? आपल्याकडं जूनपासून चार महिने रेनकोट-छत्र्या आणि डिसेंबरात स्वेटर, या नियमानं दरवर्षी दोन्ही नवीन घ्यावे लागतील. रील बनवणाऱ्याला तेच पाहिजे असेल.

शहापूर: सासूबाईंचे पितळेचे हंडे, घंगाळ, तांब्याचा बंब असं बरंच माळ्यावर पडून आहे. मिस्टर म्हणतात मोडीत घालून टाक. मी नुसती शिडी लावली तरी सासूबाई खालून "काय करूलीस गे, सगळं टाकूलीस की काय" म्हणून सुरू होतात. काय करावं?

भांडी कुणाची? त्यांची. त्या हिंडत्या-फिरत्या आहेत ना, मग मिस्टर कोण ठरवणार? दुसऱ्याची वस्तू त्याच्या पाठीमागं काढायची नाही, एकदा तसं झालं की ते माणूस पुढं रिकामी बाटलीसुद्धा सोडत नाही. सगळं खाली उतरवा, चिंचेनं घासा आणि त्यांच्यासमोर मांडून विचारा की यातली कुठली ठेवूया. काय टाकायचं असं विचारलं की माणूस सगळं धरून बसतो, काय ठेवायचं विचारलं की निवडायला लागतो. त्यांनी चार ठेवली तर चार ठेवा, एखादा हंडा नणंदेला, एखादा नातीला त्यांच्याच हातानं देऊ दे. स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हई करून घ्या, आंबट पदार्थ तर बिनकल्हईच्या पितळेत नकोच.

राहिलेलं मोडीला देताना घरी वजन करून चिठ्ठीवर लिहा. तांबं आणि पितळ वेगवेगळं तोला, तांब्याचा भाव जास्त असतो आणि "सगळं एकच हो ताई" म्हणणारा माणूस काय ते जाणून असतो. घट किती धरणार ते आधी विचारा, दोन दुकानांत भाव काढा. दारावर काटा घेऊन येणाऱ्याला तर चहासुद्धा देऊ नका. जुन्या साड्यांचंही तेच. स्टीलचं एक पातेलं देऊन जरीकाठाच्या साड्यांचं गाठोडं नेणाऱ्या बायकांना जुन्या जरीत चांदी असू शकते हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आधी ओळखीच्या सराफाला काठ दाखवून या.

निपाणी: कपाटात ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट सापडली. व्हॉट्सॲपवर अशा नोटेला लाखो रुपये मिळतात असं आलंय. शिवाय एक जण म्हणतो आमच्या जुन्या तांब्याच्या भांड्यात तांदूळ ओढायची शक्ती असू शकते.

तांदूळ ओढणारं भांडं नसतं. नसतं म्हणजे नसतं. असल्या भांड्याला मोठी रक्कम मिळते या "राइस पुलर"च्या थापेच्या नादानं लोकांनी जमिनी विकल्यात. नोटेचंही तसंच. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच जाहीर केलंय की आमचं नाव वापरून जुन्या नोटा-नाणी खरेदीच्या जाहिराती चालतात आणि त्यासाठी फी-कमिशन मागितलं जातं, आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. आधी टॅक्स भरा, मग पैसे पाठवतो, असं म्हणाला की समजून जा. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा.

वडगाव: आजीच्या लुगड्याच्या घडीत जुन्या हजार-पाचशेच्या चौदा नोटा सापडल्या. आठवण म्हणून ठेवल्या तर चालतील?

चौदा नाही चालणार. 2017 च्या कायद्यानं त्या रद्द नोटा दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं गुन्हा आहे (अभ्यास-संग्रहासाठी पंचवीसपर्यंत चालतात) आणि दंड दहा हजार किंवा रकमेच्या पाचपट, जे जास्त असेल ते. बँक आता बदलून देत नाही. कमिशन घेऊन बदलून देतो म्हणणाऱ्याच्या तर सावलीलाही उभं राहू नका. पुढं काय करायचं ते वकिलाला विचारा, आजच.

बेळगाव: आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, थोडी जमीन चंदगडला. दोन भाऊ पुण्यात, मी इथं. जुनं घर पाडून बिल्डरला द्यायचं ठरलंय. आजोबांची कागदांची एक ट्रंक आहे, काही मोडी, काही मराठी, बाकी कन्नड, आम्हाला मोडी-कन्नड धड वाचता येत नाही. दिवाळीत भाऊ आले की बघू असं चार वर्षं चाललंय. भाऊ म्हणतो हल्ली सगळं ऑनलाइन आहे, फोटो काढ आणि रद्दीत घाल. बरोबर आहे का?

आधी रद्दीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

"सगळं ऑनलाइन आहे" हे ऐकून माझे कान किटलेत. ऑनलाइन काय आहे? खानापूरच्या जमिनीची पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबाराच, तिथल्या सरकारच्या "भूमी" साइटवर दिसते, चंदगडचा सातबारा महाराष्ट्राच्या साइटवर दिसतो, म्हणजे आज नाव कुणाचं आहे ते कळतं. ते नाव तिथं कसं आलं, आजोबांनी कुणाकडून घेतली, मध्ये गहाण पडली होती का, सुटल्याची पावती आहे का, भावकीत वाटणी झाली ती तोंडी की कागदावर, हे सगळं ट्रंकेत आहे. भांडण लागतं ते याच्यावरून लागतं, आजच्या उताऱ्यावरून नाही.

आपल्या भागात तर आणखी एक भानगड. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि चंदगड तालुका तेवढा काढून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. त्यामुळं चंदगडच्या जमिनीच्या जुन्या कागदावर "जिल्हा बेळगाव" असं दिसणार, आणि पुण्याच्या भावाला वाटणार की हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे, टाक. तो कागद तुमचाच आहे. दुसरं म्हणजे मोडी कागद बघून लोक निदान थबकतात, ऐतिहासिक वाटतो म्हणून जपतात, आणि कन्नडातला गठ्ठा वाचता येत नाही म्हणून पहिला रद्दीत जातो. तसं करू नका हो! कुळकायद्याचे 1974 नंतरचे कागद त्याच गठ्ठ्यात असतात. कुळानं केलेला अर्ज म्हणजे फॉर्म नंबर 7, लँड ट्रिब्युनलचा निकाल, आणि कब्जेहक्काचा दाखला म्हणजे फॉर्म नंबर 10. कसणाऱ्याच्या घरात फॉर्म 10 हरवला की पुढं विकताना, कर्ज काढताना, वाटणी करताना प्रत्येक ठिकाणी अडतं, आणि नक्कल काढायला किती खेटे घालावे लागतात ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा. रजिस्टर झालेल्या खरेदीखताची नक्कल सब-रजिस्ट्रारकडं मिळते हे खरं, पण बँक मूळ मागते. आणि रजिस्टर न केलेलं मृत्युपत्र असेल तर त्याची दुसरी प्रत कुठल्याच ऑफिसात नसते, तुमच्या ट्रंकेत आहे तीच एक.

आता उघडायची कशी. पावसात नाही. आपल्या हवेत जुलै-ऑगस्टला बाहेर काढलेला कागद दमट होतो आणि तसाच परत बंद केला की बुरशी धरते. ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडू दे, पण कागद उन्हात वाळत घालू नका, सावलीत वारा द्या. पण घर त्याआधी पाडणार असाल तर ट्रंक आहे तशी उचलून कोरड्या घरी न्या. गाठोडी एकदम सोडू नका, एका गाठीतले कागद बहुतेक एकाच प्रकरणाचे असतात, ती सरमिसळ झाली की जाणकारालाही लावता येत नाहीत. एक गाठ सोडा, फोटो काढा, मागं कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक नंबर घाला, वहीत लिहा, परत बांधा. गंजलेल्या टाचण्या काढा. सेलोटेप नको. लॅमिनेशन तर नकोच नको, झेरॉक्सवाला दहा-वीस रुपयांत करून देतो म्हणून लोक आजोबांची सही गरम मशीनमध्ये घालतात आणि मग तो स्टॅम्प पेपर तपासायला कुणी नेला तर त्याला हात लावता येत नाही. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात बांधा, ट्रंक जमिनीला टेकवू नका, विटांवर ठेवा, भिंतीपासून थोडी लांब, वाळवी तिथूनच चढते. डांबरगोळ्या कागदाला चिकटून नकोत.

मोडी वाचून घ्यायला कोल्हापूरच्या पुरालेखागारात चौकशी करा, जाणकारांचा पत्ता लागतो. कन्नड कागद आधी शेजाऱ्याकडून वाचून घेतला तरी चालेल, निदान कशाचा आहे ते कळेल, पण ठेवायचा की टाकायचा हे शेजाऱ्याच्या सांगण्यावर नाही. यादी घेऊन वकिलाकडं जा. खानापूरसाठी इथला, चंदगडसाठी तिकडचा, दोन राज्यांचे जमिनीचे कायदे वेगळे आहेत. मूळ कागद वकिलाकडं किंवा बिल्डरकडं द्यायची वेळ आली तर पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका, "आपल्यातच आहे की" म्हणणाऱ्याकडून तर दोनदा सही घ्या. आणि ट्रंक उघडाल तेव्हा बहिणी असतील तर त्यांनाही बोलवा. तुम्ही पत्रात त्यांचा उल्लेखच केला नाही, पण हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे.

शेअर सर्टिफिकेटं निघाली तर ती कंपनी बंद पडली असेल असं स्वतःच ठरवू नका. सात वर्षं डिव्हिडंड न उचललेले शेअर सरकारच्या आय.ई.पी.एफ. फंडात जातात आणि वारसांना मागता येतात. जुन्या पासबुकांतली नावं रिझर्व्ह बँकेच्या "उद्गम" या न मागितलेल्या ठेवी शोधायच्या पोर्टलवर घालून बघा. सी.ए.ला विचारूनच पुढं जा, दहा टक्के द्या सगळं काढून देतो म्हणणारे एजंट आधी दारात येतील.

आणि "दिवाळीत भाऊ आले की बघू" असं चार वर्षं चाललंय असं तुम्हीच लिहिलंय. या नावातला कोण कुणाचा कोण, हे सांगणारं घरातलं म्हातारं माणूस अजून असेल तर त्याच्याशेजारी बसून यादी करा. ते या महिन्यात.

खानापूर: बाबांना जाऊन वर्ष झालं. आई त्यांच्या कपड्यांना हात लावू देत नाही. कपाट तसंच आहे.

राहू दे की. घाई कुणाला आहे? वर्षात झालंच पाहिजे असं काही नाही. त्यांनी आपणहून कपाट उघडलं की शेजारी बसा, बोलू दे. धोतरं-शर्टांची वाकळ शिवून देणाऱ्या बायका आपल्याकडं अजून आहेत, ते सुचवून बघा, बऱ्याच जणींना ते पटतं, अंगावर घेता येतं ना. पण खाणं-झोप बिघडली असेल, रोजचं काही सुचत नसेल, तर तो कपाटाचा प्रश्न राहत नाही, डॉक्टरांना दाखवा.

गोकाक: सासरे रिकाम्या पिशव्या, पेपर, तुटकी घड्याळं काहीच टाकू देत नाहीत. हल्ली कचऱ्यातूनसुद्धा उचलून आणतात. समजावून दमलो.

समजावू नका आणि ते देवळात गेल्यावर गुपचूप फेकूही नका. साठवून ठेवायचा हा एक मान्य आजार आहे, आणि उतारवयात नव्यानं सुरू झालं असेल तर विसरभोळेपणाच्या आजाराची ती सुरुवातही असू शकते. मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरोलॉजिस्ट. तोवर चालायच्या वाटेवरचं आणि गॅसजवळचं तेवढं सामान त्यांना सांगून बाजूला करा, पडले तर वेगळंच निस्तरत बसाल.

चिकोडी: जुनी पुस्तकं वाचनालयाला दिली तर घेतात का?

सगळी घेत नाहीत. यादी पाठवून विचारा, पोती नेऊन दारात टाकू नका. दहावीची जुनी गाईडं कुणालाच नको असतात.

हिंडलगा: औषधांचा डबा भरलाय, काही अजून चांगली दिसतात. गरजूंना वाटू का? पाऱ्याचा थर्मामीटरही आहे.

तारीख गेलेली वाटायची नाहीत. फोडलेली बाटली, अर्धं सिरप, डॉक्टरनं तुमच्यासाठी लिहिलेल्या अँटिबायोटिक, हेही वाटायचं नाही, "चांगली दिसतात" याला काही अर्थ नाही. तारीख गेलेली औषधं आणि पाऱ्याचा थर्मामीटर हा घरगुती धोकादायक कचरा धरतात, ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा बांधून पालिकेच्या गाडीवाल्याला सांगून द्या. बाकी डबा तसाच घेऊन तुमच्या डॉक्टरकडं जा आणि चालू कुठली, बंद कुठली ते समोर बसून लिहून घ्या.