कापूर, कडुनिंब आणि डास

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्यात तळमजल्यावर राहतो. खाडी जवळ असल्यामुळे तिन्हीसांजेला डास घरात शिरतात. दोन वर्षांच्या नातवाजवळ रासायनिक औषधे नकोत म्हणून मी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी, वाटीभर पाण्यात कापूर, लिंबात खोचलेल्या लवंगा आणि सिट्रोनेला तेल असे सारे उपाय करते. त्यांचा खरोखर उपयोग होतो का? – एक आजी

उत्तर : होतो, पण थोडा आणि थोडाच वेळ. डासाची मादी उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेचा गंध यांवरून माणसाचा माग काढते. सिट्रोनेलाच्या उग्र वासाने तिची काहीशी दिशाभूल होते. परंतु हे तेल इतके उडते की साधारण तासाभरात, आणि घामाने निथळणाऱ्या आपल्या दमट हवेत त्याआधीच, त्याचा प्रभाव ओसरतो. लिंबात खोचलेल्या लवंगांवर मात्र मुळीच विसंबू नये.

धुरीने डास काही वेळ हटतात, हा आपला अनुभव खोटा नाही. तथापि पाला झाडाचा असला तरी धूर हा धूरच, आणि बंद खोलीत तो बाळाच्या छातीला बाधतो. कापराविषयी तर मला कळकळीने सांगावेसे वाटते, की ती वाटी नातवाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, किंवा ठेवूच नका. कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात.

बाळासाठी सर्वांत भरवशाची मच्छरदाणीच, आणि तीही दुपारच्या झोपेला विसरू नये, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. अंगाला लावायचे मलम हवे असल्यास ते बालरोगतज्ज्ञांना विचारून निवडावे; लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून केलेली मलमे नैसर्गिक म्हणून विकली जात असली, तरी ती तीन वर्षांखालील मुलांना लावू नयेत असाच सल्ला दिला जातो.

शिवाय हा एडिस खाडीतून येत नाही. तो कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, झाकण नसलेल्या पिंपात, म्हणजे आपल्याच घरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून ही भांडी दर आठवड्याला रिकामी करावीत. आणि पाणी नुसते ओतून न देता कडा घासून काढाव्यात, कारण अंडी तेथेच चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात.