कधीच न उडणाऱ्या अवकाश-कल्पनांवर सरकारने विद्यापीठांना पैसे का द्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नासासारख्या सरकारी संस्था दरवर्षी विद्यापीठांना अगदी कच्च्या तंत्रज्ञानासाठी अनुदानं देतात, त्यातलं बहुतेक कधी अवकाशात जातच नाही, मग हा करदात्यांचा पैसा पाण्यात घालणं नाही का? आणि कल्पनेत खरंच दम असेल तर खाजगी कंपन्या का पुढे येत नाहीत?

माझी पीएचडी अशाच एका अनुदानावर झाली, तेव्हा मी काही तटस्थ साक्षीदार नाही. तरी सांगतो. पैसा वाया जातो हे खरं, पण तुम्ही बोट ठेवलंय तिथे नाही.

अवकाश क्षेत्रात एखादं तंत्रज्ञान किती पिकलंय हे मोजायला १ ते ९ अशी मोजपट्टी वापरतात, तिला टीआरएल म्हणतात. नासातल्या स्टॅन सॅडिन यांनी १९७४ मध्ये ती सात पायऱ्यांची मांडली. पुढे पायऱ्या नऊ झाल्या आणि १९९५ मध्ये जॉन मॅन्किन्स यांनी प्रत्येकीची व्याख्या लिहून काढली. १ म्हणजे नुसतं तत्त्व ठाऊक आहे. ३ म्हणजे कल्पना चालू शकते हे प्रयोगशाळेत दिसलंय. ६ म्हणजे अवकाशासारख्या परिस्थितीत नमुना चालवून दाखवलाय, आणि ९ म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेत काम करून झालंय. तुम्ही म्हणता ती अनुदानं साधारण १ ते ३ या पायऱ्यांसाठी असतात. त्या टप्प्यावर 'हे उडेल का' असं कुणी विचारतच नाही. परीक्षक विचारतात ते वेगळं: हे जमलं तर आजच्यापेक्षा किती पट चांगलं होईल, आणि सगळं घोडं नेमकं कुठे अडलंय? त्या अडलेल्या एका गोष्टीचा निकाल दोन-तीन वर्षांत लागला की पैसे वसूल. निकाल 'नाही जमत' असा आला तरीही. किंबहुना तो इथेच आलेला बरा, कारण हाच नकार मोहीम अर्धी बांधून झाल्यावर आला तर त्याची किंमत कोटींत नाही, अब्जांत मोजावी लागते.

आता आकडे बघा. नासाच्या 'अर्ली करिअर फॅकल्टी' योजनेत नवख्या प्राध्यापकाला वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत मिळतात, जास्तीत जास्त ३ वर्षं. मोठ्यात मोठी म्हणजे संशोधन संस्थांची योजना, ५ वर्षांत दीड कोटी डॉलरपर्यंत. २०१७ मध्ये पहिल्या दोन निवडल्या गेल्या: बर्कलीची अवकाशात सूक्ष्मजीवांकडून अन्न, औषधं नि साहित्य बनवण्याबद्दलची, आणि मिशिगन टेकची कार्बन नॅनोट्यूबच्या अतिबळकट साहित्याबद्दलची. हे दीड कोटी अनेक विद्यापीठांत वाटले जातात. नासाचं एकूण वार्षिक बजेट २५ अब्ज डॉलरच्या आसपास असतं, आणि एकट्या जेम्स वेब दुर्बिणीवर १० अब्जांच्या घरात खर्च झालाय. या हिशेबात ते दोन लाख म्हणजे खुर्दा.

शिवाय ते दोन लाख प्रयोगशाळेपर्यंत अख्खे पोचत नाहीत. आधी विद्यापीठ आपला ओव्हरहेड, म्हणजे इमारत, वीज, कार्यालय असा सामायिक खर्च, कापून घेतं. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या विद्यापीठांत तो थेट खर्चाच्या ५० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असतो. मग एका विद्यार्थ्याचं विद्यावेतन आणि फी, प्राध्यापकाचा उन्हाळ्यातला थोडा पगार. उरलेल्यात रॉकेट सोडा, एक धड व्हॅक्यूम पंप घ्यायचा तर दुसऱ्या गटाशी भागीदारी करावी लागते. म्हणजे सरकार या पैशातून मुख्यतः एक माणूस तयार करत असतं, आणि तो पुढे कुठेही गेला तरी जे शिकला ते त्याच्याबरोबर जातं. याला उधळपट्टी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझा विषय होता चंद्रावरची धूळ. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तिथे वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कण घासून गोल होत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ते फुटलेल्या काचेसारखे दिसतात. त्यातून ते विद्युतभारित असतात, म्हणून जिथे बसतात तिथून हलत नाहीत. अपोलोच्या अंतराळवीरांचे सूट, सांधे, सील सगळ्यांना या धुळीने छळलं होतं. प्रयोगशाळेत आम्ही नकली धूळ वापरायचो. जेएससी-१ए नावाची एक प्रसिद्ध नकली धूळ ॲरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेपासून बनवलेली आहे. ती आधी ओव्हनमध्ये वाळवायची, मग चेंबरमध्ये ठेवून हवा काढायची, आणि तीही हळूहळू. घाई केली तर कणांच्या फटीत अडकलेली हवा एकदम सुटते, धूळ उकळल्यासारखी उसळते आणि चेंबरभर होते. म्हणून रात्रभर पंप चालू ठेवायचा आणि सकाळी मोजमाप सुरू करायचं. 'अवकाश संशोधन' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, त्यात हा ओव्हन नसतो.

याच धुळीवरच्या एका उपायाची गोष्ट तुमच्या प्रश्नाला बरोबर लागू पडते. पृष्ठभागाखाली बारीक तारांसारखे इलेक्ट्रोड बसवायचे आणि त्यांना पाळीपाळीने उच्च दाबाची वीज द्यायची. विद्युत क्षेत्राची लाट सरकते आणि धुळीचे कण तिच्याबरोबर वाहून जातात. ना ब्रश, ना हलणारा भाग. या 'विद्युत पडद्या'वर १९७० च्या दशकात तोक्यो विद्यापीठात सेनिची मासुदा यांनी काम केलं. पुढे नासाच्या केनेडी केंद्रात ते वाढवलं गेलं. आणि २ मार्च २०२५ रोजी फायरफ्लाय कंपनीचं ब्लू घोस्ट यान चंद्रावर उतरलं, तेव्हा त्यावरच्या अशाच उपकरणाने काचेवरची आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागावरची खरी चांद्रधूळ झटकून दाखवली. मध्ये जवळजवळ अर्धशतक गेलं. आता सांगा, १९७५ मध्ये कुठल्या कंपनीच्या संचालक मंडळाने याला पैसे दिले असते? चंद्रावर जाणारं गिऱ्हाईकच नव्हतं. आणि २०२५ मध्येसुद्धा यान कंपनीचं असलं तरी भाडं नासानेच भरलं होतं. खाजगी क्षेत्राबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे.

उलट बाजूचा प्रयोगही होऊन गेलाय. १९९८ मध्ये नासाने दूरच्या, अचाट कल्पनांसाठी नियाक नावाची वेगळी संस्था काढली. ती फक्त विद्यापीठांपुरती नव्हती, पण तत्त्व हेच. २००७ मध्ये पैसे वाचवायला ती बंद केली. तोवरच्या सगळ्या अभ्यासांवर मिळून खर्च झाला होता सुमारे २.७ कोटी डॉलर. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तपासणी करून सांगितलं की असं काहीतरी पुन्हा हवंच, आणि २०११ पासून नियाक नव्या रूपात परत सुरू झालं. जुन्या नियाकच्या पैशावर कोलोरॅडो विद्यापीठाचे वेबस्टर कॅश यांनी स्टारशेडचा अभ्यास केला होता: दुर्बिणीपुढे हजारो किलोमीटरवर फुलाच्या आकाराचा प्रचंड पडदा उडवायचा, म्हणजे ताऱ्याचा झगझगाट अडतो आणि त्याच्याजवळचा ग्रह दिसतो. हे अजून उडालेलं नाही. तुमच्या मोजमापाने शून्य. पण पुढे हॅबएक्स या दुर्बिणीचा आराखडा करताना त्यात ५२ मीटर व्यासाचा स्टारशेड धरला गेला. कल्पना बासनात गेलेली नाही, रांगेत उभी आहे.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते. खरी गळती पायरी ४ ते ६ च्या दरम्यान आहे. तीन वर्षं संपतात, विद्यार्थी पदवी घेऊन जातो, प्राध्यापक पुढच्या अनुदानासाठी दुसऱ्या विषयाकडे वळतात आणि चालणारा नमुना कपाटात जातो. पुढची पायरी चढायची तर कंपन, किरणोत्सर्ग, तापमान अशा चाचण्या हव्यात. त्या महाग आणि कंटाळवाण्या असतात, त्यांतून शोधनिबंधही निघत नाही. विद्यापीठाला त्यात रस नाही, आणि मोहिमेच्या प्रमुखाला न उडालेली वस्तू घ्यायची नसते. उडाल्याशिवाय घेणार नाही, घेतल्याशिवाय उडणार नाही. असे नमुने मी एकाहून जास्त प्रयोगशाळांच्या कपाटांत पाहिलेत, त्यांतल्या काहींचं वायरिंग समजणारा माणूसही तिथे उरलेला नव्हता. शिवाय 'जमलं नाही' असे निष्कर्ष फारसे छापले जात नाहीत, त्यामुळे तीच भिंत दुसरा गट पुन्हा नव्याने धडकून पाहतो. उधळपट्टी म्हणायचीच तर हिला म्हणा.

इस्रोची तऱ्हा जरा वेगळी आहे. त्यांचा 'रिस्पॉन्ड' कार्यक्रम १९७० च्या दशकापासून विद्यापीठांना पैसे देतो, आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नि काही आयआयटींत त्यांचे अवकाश तंत्रज्ञान कक्षही आहेत. इस्रोची केंद्रं आपल्याला हव्या असलेल्या विषयांची यादी काढतात, त्यामुळे कामाला पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक असतं. मात्र अचाट कल्पनेला तितकी जागा राहत नाही, असं माझं मत. पण मधल्या गळतीवर त्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. पीएसएलव्ही या त्यांच्या रॉकेटचा चौथा, शेवटचा टप्पा काम झाल्यावर टाकून न देता कक्षेतच प्रयोगांचा मंच म्हणून वापरायचा, त्याला पोएम म्हणतात. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० उड्डाणात त्यावर २४ उपकरणं होती, त्यांतली १० इस्रोबाहेरची, विद्यापीठांची आणि स्टार्टअपची. मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाने त्यातून पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या. कपाटात जाऊ पाहणाऱ्या नमुन्याला 'उडालेला' हा शिक्का मिळायला एवढं पुरतं.

माझ्या शब्दावर विसंबायची गरज नाही. नासाचं टेकपोर्ट नावाचं संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. अशा प्रकल्पांच्या नोंदीत सुरुवातीचा टीआरएल, सध्याचा आणि शेवटी अपेक्षित असलेला असे तीन आकडे दिलेले असतात. तुम्हाला रस असलेला एखादा विषय घेऊन दहा-पंधरा जुने प्रकल्प उघडून बघा, आणि ३ वर थांबलेल्यांपैकी किती जणांना पुढे कुणी हात दिला ते शोधा. तक्रार करायला तिथे भरपूर साहित्य मिळेल, आणि त्या तक्रारीवर सही करायला मीही तयार आहे.